कडू झालेला खल

मित्रांनो, मी एक जुना दगडी खल आहे. कोठाराच्या पायरीवर बसलेला असतो. वाकून माझा वास घेतलात तर नाक मुरडाल. खुशाल मुरडा. हा कडूपणा मी कमावलेला आहे.

पाथरवटाने मला घडवले ते मसाल्यासाठी. या घरच्या सासूबाईंच्या स्वयंपाकघरात माझा मोठा मान होता. मिरी असो की आले, माझ्याशिवाय त्यांचे पान हलत नसे. मीही जरा फुशारलो होतो, खोटे कशाला बोलू?

एका वर्षी कोठारातल्या कॉफीच्या बियांना कीड लागली. पोत्यात हात घातला की बोटांना भुगा लागे, आणि बियांना टाचणीने टोचल्यासारखी भोके दिसत. असा माल व्यापारी घेणार नव्हता. बागेतली वर्षाची मेहनत मातीमोल होणार होती. थोरल्या मुलाने कोठारात विषारी वायू सोडणाऱ्या गोळ्या ठेवायचे ठरवले. धाकटी सून नुकतीच बाळंत झाली होती. ती दारात आडवी उभी राहिली.

"भाऊजी, त्या भिंतीपलीकडे माझं बाळ झोपतं. आधी मला कडुनिंब वापरून बघू द्या."

"पाल्यानं कुठं कीड जाते?" दीर म्हणाले, पण गोळ्यांचा डबा त्यांनी खाली ठेवला.

धाकटीने बिया चाळल्या, कडक उन्हात पुन्हा वाळवल्या. मग वाळलेला पाला आणि लिंबोळ्या माझ्यात कुटून ती भुकटी बियांत कालवली. कीड एका झटक्यात मरत नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. पण तिची खाण्यावरची वासना उडते आणि पिलावळ वाढत नाही.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी सवयीने माझ्यात चहाचे आले ठेचले. साऱ्या घराची तोंडे एरंडेल प्यायल्यासारखी झाली. मला घासले, उकळत्या पाण्याने धुतले, पण दगडात मुरलेले कडू जाईना. माझी रवानगी पायरीवर झाली. मला फार वाईट वाटले.

माल घ्यायला व्यापारी आला, बरोबर चव पाहणाऱ्या बाई होत्या. भुकटी चाळून काढलेली होती, तरी पोत्याचे तोंड उघडताच कडवट वासाने बाई थबकल्या. त्यांनी बिया उलटसुलट करून पाहिल्या, मूठभर भाजून कॉफी केली आणि एक घोट घेतला.

"कडू आहे."

दिरांनी धाकटीकडे पाहिले. तिचा जीव टांगणीला लागला.

"कॉफी असते तेवढीच," बाई म्हणाल्या आणि त्यांनी कप रिकामा केला.

गोळ्यांचा डबा पुन्हा घरात आला नाही. आता दर हंगामात लिंबोळ्या वेचून आणतात ते दीरच, आणि माझ्याजवळ बसून सल्लेही देतात.

भिंतीपलीकडचे ते बाळ आता शाळेत जाते. परवा त्या पोरीने राख घेऊन मला घासायला सुरुवात केली. मला परत स्वयंपाकघरात न्यायचे तिच्या मनात होते. तिची आई म्हणाली, "राहू दे गं. तो कडू झाला म्हणून तू निवांत झोपलीस."

तेव्हा मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा. मला उघड्यावर भिजू देऊ नका, माझा बत्ता हरवू नका. फक्त मला गोड करायला जाऊ नका.