सुतकातला पिरॅमिड

झिपरूची बायको सुनंदाबाई जाऊन चौथा दिवस होता. धरणगावच्या घराच्या अंगणात ती गल्लीतल्या पोरांना जगातल्या प्रसिद्ध वास्तू मातीत बांधून शिकवायची. पिरॅमिड अर्धाच राहिला होता. झिपरूने माती भिजवली आणि पोरांना हाक मारली.

थोरला भाऊ तावातावाने आला. "सुतकात शाळा भरवतोस? लोक थुंकतील तोंडावर!"

"नाना, पिरॅमिड म्हणजे काय, माहीत शे का? राजाची समाधी! सुतकात याच्यापेक्षा बरा धडा कोणता?"

"तू सातवी नापास. तू काय शिकवशील?"

"मी बी शिकतो यांच्यासंगं."

पाचवीतल्या मोहिनीने सुनंदाबाईचं पुस्तक उघडून वाचलं, "इजिप्तमध्ये नाईल नदी वाहते."

"नाईल!" पोरांसोबत झिपरू म्हणाला, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं.