खिंडीतला गडगा

अरबांच्या मुलखातल्या जबल अख्दर डोंगराच्या चुनखडीच्या धारेवरून एकनाथ रंगाचे डबे घेऊन चालला होता. डोंगर चढायला येणाऱ्यांची वाट चुकू नये म्हणून खडकाखडकावर पट्टा मारायचा: पिवळा, पांढरा, तांबडा. खडक नसेल तिथे दगडांची रास रचून वरच्या दगडाला रंग द्यायचा.

खिंडीत खडक नव्हता. गुडघाभर उंचीचा, अर्धगोल, नुसत्या दगडांवर दगड रचलेला, ढासळलेला गडगा तेवढा होता. शेळ्यांचा असेल, असं समजून एकनाथने त्याचेच दगड काढले आणि तीन राशी रचल्या. कोकणात पडक्या गडग्याचा दगड काय, कुणीही उचलतो.

दुसऱ्या सकाळी गाडीवाला हारून, तोही कोकणातलाच, पाणी घेऊन वर आला. मागे काठी टेकत खालच्या गावचे नासिरबाबा. गडग्याचं खिंडार बघून म्हातारा थांबला. अरबीत हळू काही बोलला.

"काय केलंस रे, एकनाथा?" हारून म्हणाला. "हा काय तुझ्या गावचा फणस राखायचा गडगा? मागं इथं लढाई झाली, तेव्हा ह्यांच्या वडलांनी रचलाय. वरून विमानं, नि वडील ह्याच्याआड. इथंच गेले. बाबा दर हिवाळ्यात येऊन बसतात. पुढल्या साली गुडघे चढू देतील की नाही, म्हणतात."

एकनाथच्या हातातला कुंचला खाली आला.

"विचार त्यांना, मी परत रचू का?"

हारूनने विचारलं. नासिरबाबांनी होकारार्थी मान डोलावली आणि ते सावलीला बसले.

एकनाथने राशी मोडल्या. एकेक दगड फिरवून, ठोकून, त्याची जागा शोधत बसवला. फटींत कपच्या सारल्या. आईची ओवी आपसूक ओठांवर आली:

दगडाला दगड, जसा भाऊ भावापाशी
फट राहू द्यावी बाई, वाऱ्याच्या वाटेशी

उरले तीन रंगवलेले दगड. रंग आत जाईल असे त्याने दोन बसवले. तिसरा तसाच ठेवणार, तोच बाबांच्या काठीने दगडावर टकटक झाली.

"ला, ला!"

"नको, नको म्हणतात. हा बाहेर तोंड करून लाव," हारून म्हणाला. "वडील इथं बसून वाट अडवायचे. आता वाट दाखवू देत."

एकनाथने दगड फिरवला. पिवळा, पांढरा, तांबडा पट्टा खिंडीकडे झाला.

नासिरबाबा चपला काढून गडग्याच्या आत बसले.

"चहा आहे का रे थर्मासात?" एकनाथने विचारलं.

"आहे की. आधी बाबांना."