बिनफवारणीच्या तीन ओळी

जागृतीनं शेंगांची दुसरी पिशवी ताणकाट्याला अडकवली आणि काटा थांबेपर्यंत श्वास रोखून धरला.

“अकरा किलो,” तिचा नवरा हर्षित वाकून म्हणाला. “आणि मघाचीपण अकराच. संपला विषय!”

जागृतीचा चेहरा खर्रकन उतरला. कोपर गावातल्या इमारतींमागे उरलेल्या या तुकड्यात सहा ओळी भुईमूग. दोन वर्षं शेंगा पोचट निघत होत्या, आणि हर्षितला इथं क्रिकेटचं टर्फ घालायचं होतं. वागळे इस्टेटमधल्या प्रयोगशाळेत माती तपासणारी ही सून मात्र हट्टाला पेटली. फूल लागताना तिनं जस्त, लोह आणि बोरॉनचं पाणी तीन ओळींच्या पानांवर फवारलं, तीन तशाच ठेवल्या; आज दोन्हींतल्या एकेका ओळीच्या शेंगा तोलायच्या होत्या. फरक दिसला तर शेत, नाही तर टर्फ, असं सासूबाई आवडाबाईंसमोर ठरलं. त्यांनी तेव्हा नाक मुरडलं होतं, “पानांवर पानी मारून शेंग भरते का गो?”

“पण शेंगा बघ ना, कशा टच्च भरल्यात!” जागृती म्हणाली.

“सगळ्याच भरल्यात. पाणी बरं मिळालं यंदा. तुझ्या औषधाचा काय संबंध?”

हर्षितच्या खांद्यावर टर्फची मापं घ्यायची नवी दोरी तयारच होती. जागृतीनं वही मिटली आणि औषधाची बाटली आवरायला पडवीत गेली. बाटली अर्धी उरायला हवी होती. ती ठणठणीत रिकामी! तशीच ती बाहेर आली.

“आई, ही कुणी संपवली?”

शेंगा तोडणारे आवडाबाईंचे हात थांबले. त्यांनी उगाच पदर सारखा केला.

“मीच. तू कामाला गेलीस का पंप पाठीला लावला. तुझ्या वळी आठ दिवसान हिरव्यागार, नि बाजूच्या बापड्या पिवल्याच. तिघी जेवतान नि तिघी बघत बसतान. पंगतीन असा वाढतान का गो? मना नाय बघवला.”

जागृतीला असं हसू फुटलं, की ती ढेकळांतच फतकल मारून बसली.

“आई, माझ्या प्रयोगाचं पार वाटोळं केलंत हो!”

“म्हणजे फरक पडलेला?” हर्षितनं विचारलं. “मला कसा नाही दिसला?”

“तुझे डोले मोबाइलान,” आवडाबाई म्हणाल्या.

हर्षितनं एक शेंग फोडली. मग दुसरी. दाणे तोंडात टाकून तो पोतं धरायला वाकला. गेल्या वर्षी सगळं पीक एकाच पोत्यात मावलं होतं. यंदा आवडाबाईंनी घरातून दुसरं आणवलं. तेही गच्च भरलं, आणि तोंड बांधायला सुतळी काही सापडेना.

हर्षितनं खांद्यावरची दोरी उतरवली. कोयता हातात घेऊन त्यानं ती पोत्याच्या तोंडाशी धरली.

“केवढी कापू?”

“सगलीच काप,” आवडाबाई म्हणाल्या. “फुडच्या साली लागल.”