उत्तरेची कड

दहाम उस्तादाचे कान गेले ते थंडीत, अकरा दिवसांच्या तापात. ताप उतरला, भूक परत आली, मिशीसुद्धा पहिल्यासारखी ताठ झाली, पण कान काही परत आले नाहीत. समोर बसून कुणी मोठ्यानं बोललं तर थोडंफार कळायचं, बाकी ओठ बघून तो अंदाज बांधायचा. ही गोष्ट फक्त त्याच्या बायकोला, फिद्दाला, ठाऊक होती.

"यंदा खोदायला जाऊ नका," ती त्याच्या तोंडाजवळ तोंड नेऊन ओरडली होती. "तंदूरमधली रोटी जळली तर तुम्हाला वासानं कळतं. माणूस बोंबलला तर कळत नाही. खड्ड्यात उतरून काय करणार?"

"मी हातानं काम करतो, कानानं नाही."

हे धादांत खोटं होतं आणि दोघांनाही ते माहीत होतं. शिरकात गावच्या खोदणाऱ्यांचं नाव साऱ्या इराकात झालं ते कानामुळेच. इथली जुनी शहरं मातीची. भिंत मातीची, भिंतीवर कोसळलेला ढिगारा मातीचा, आणि दोन्ही वर्षानुवर्षं एकमेकांत मुरलेले. कुठे वीट संपली आणि कुठे नुसती माती सुरू झाली हे शिकल्यासवरल्या माणसाला दिसत नाही. शिरकातचा उस्ताद कुदळीचा दांडा हलकेच ठोकतो, मान तिरकी करून ऐकतो आणि सांगतो. दहामचा बाप सांगायचा, आता दहाम सांगायचा.

आणखी एक काम होतं, या सगळ्याहून मोठं. रोज सकाळी खड्ड्यात आधी उस्ताद एकटा उतरायचा. चारी कडा दांड्यानं ठोकून बघायचा. भरीव मातीचा आवाज आखूड आणि घट्ट येतो. आतून भेगाळलेली माती रिकाम्या रांजणासारखी बोलते. चारी कडा ऐकून झाल्या की तो मोठ्यानं "बिस्मिल्लाह" म्हणायचा आणि मगच बाकीच्यांनी शिडीला पाय लावायचा. बापाच्या तरुणपणी एका सकाळी कुणी ऐकलं नव्हतं, तेव्हा पाच जण एकदम गाडले गेले होते. तेव्हापासूनचा हा नियम.

तर चार आठवडे दहाम रोज खाली उतरत होता, चारी कडा ठोकत होता, काही म्हणजे काही ऐकत नव्हता, ऐकणारा माणूस थांबतो तेवढा वेळ थांबत होता, आणि "बिस्मिल्लाह" म्हणत होता. सतरा माणसं त्याच्या शब्दावर खाली येत होती. तळहाताला आवाज जाणवतो, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली होती. माणसाला स्वतःला फसवायला फार हुशारी लागत नाही.

यंदाचं टेकाड तिग्रिस नदीच्या काठावर, निनवे आणि निमरूद या जुन्या शहरांच्या मधोमध. खोदकाम डॉक्टर मत्तींचं. ते कराकोशचे, ख्रिस्ती, स्वभावानं इतके मऊ की मजुराला हाक मारतानाही आधी तब्येत विचारायचे. त्यांना वाटायचं की हे रेसेन असावं. तौरात या जुन्या धर्मग्रंथात या दोन शहरांच्या मधलं मोठं शहर म्हणून त्याचं नाव एकदाच येतं, आणि पुढे कुणाला त्याचा ठावठिकाणा लागलेला नाही.

"एवढं मोठं शहर आणि हरवलं?" मजुरांतला हुवैश म्हणायचा. टवाळकी केल्याशिवाय त्याला घास उतरत नसे. "आमचं गाढव हरवलं तरी संध्याकाळी घरी येतं, डॉक्टरसाहेब."

नऊ मीटर खाली शहराची वेस लागली होती. वेशीत राखेचा हातभर थर, जळालेल्या तुळया, आणि गेल्या आठवड्यात पडक्या विटांखाली एक माणूस. पालथा, दोन्ही हात डोक्यावर घेतलेला. त्याची बोटं दहामनं स्वतः ब्रशनं मोकळी केली होती.

दहामचा खरा जीव अडकला होता शलाशमध्ये. शलाश त्याच्या मेलेल्या भावाचा मुलगा, आणि मुलगी नात्यातच द्यायची म्हणून जावईही तोच. तीस-बत्तीसचा गडी, हात हलका, कान तर देवानंच दिलेला. पुढच्या वर्षी कुदळ त्याच्या हाती द्यायची असं ठरलं होतं, म्हणून रोज सकाळी तो काकाच्या मागोमाग शिडीच्या शेवटच्या पायरीपर्यंत यायचा आणि ऐकायला शिकायचा.

पहिल्याच आठवड्यात तो म्हणाला, "काका, उत्तरेचा आवाज वेगळा येतोय. पोकळ वाटतो."

दहामनं ओठ वाचले. शलाशच्या दोन भुवयांमध्ये एक उभी आठी पडली होती. त्याच्या बापालाही ऐकताना तश्शीच आठी पडायची. वर कठड्याशी माणसं पाट्या घेऊन वाट बघत उभी होती, सगळ्यांच्या नजरा खाली. पोरगं बरोबर बोलतंय की चूक, हे त्याला कळायला मार्गच नव्हता, आणि ते कबूल करायचं म्हणजे उस्तादपण तिथंच मातीत गेलं.

"पोकळ तुझं डोकं आहे," तो सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणाला. "नीट ऐक. याला भरीव म्हणतात. हा आवाज ध्यानात ठेव."

वर हशा पिकला. "जावईबापू, कानातलं काढा जरा!" हुवैश ओरडला. शलाश कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला. त्यानं कड पुन्हा ठोकली, पुन्हा ऐकली, आणि मान डोलावली.

त्यानंतर रोज दहाम उत्तरेची कड ठोकायचा आणि म्हणायचा, "भरीव. ध्यानात ठेव." आठ-दहा दिवस ती आठी पडत राहिली. मग पडेनाशी झाली.

हंगाम संपायला तीन दिवस उरले होते. जव पिकत आलं होतं, कापणीला घरी जायचं होतं. आदल्या दोन दिवसांत पाऊस पडून गेला होता. सकाळी नेहमीसारखं "बिस्मिल्लाह" झालं, दोन तास काम झालं, आणि मंडळी चहाला वर आली. दहाम काचेचा पेला हातात घेऊन कठड्याशी बसला आणि समोर वेडे राघू उडताना बघत राहिला.

दरवर्षी एप्रिलमध्ये ही पाखरं येतात आणि खोदकामाच्या उभ्या, भरीव कडांमध्येच घरटी कोरतात. त्यांचा कलकलाट त्याला यंदा ऐकू येत नव्हता, म्हणूनच कदाचित तो त्यांच्याकडे नीट बघत होता. पूर्वेच्या कडेत वरच्या बाजूला वीसेक भोकं. दक्षिणेला तेवढीच. पश्चिमेला तर चाळणी. आणि उत्तरेला एकही नाही. म्हणजे तीन-चार जागी चोच मारलेली दिसत होती, बोटभर कोरून सोडून दिलेलं. पाखरं येऊन बघून गेली होती आणि त्यांनी ती कड नाकारली होती.

दहामच्या हातातला पेला कलंडला आणि चहा पायजम्यावर सांडला, तरी त्याला चटका लागला नाही. तीन आठवड्यांपूर्वी पडलेली ती आठी त्याला आठवली. पोरगं खरं बोलत होतं.

तो उठला आणि थेट डॉक्टरांच्या तंबूत गेला. "साहेब, आज कुणाला खाली सोडू नका. उत्तरेची कड पोकळ आहे."

डॉक्टर उभे राहिले. "सकाळी तर तुम्ही भरीव म्हणालात."

"मला ऐकू येत नाही, साहेब. थंडीपासून." एवढं बोलायला त्याला अख्खा हंगाम लागला होता. "पाखरांनी सांगितलं म्हणून कळलं. तिथं एकही घरटं नाही."

डॉक्टर रागावले असते तर बरं झालं असतं. ते रागावले नाहीत. त्यांनी दहामच्या खांद्यावर हात ठेवला, आणि त्याला दिसावं म्हणून समोर येऊन सावकाश बोलले. "हे आपल्या दोघांतच राहू द्या. माणसांना सांगायची गरज नाही. तुमची इतक्या वर्षांची अब्रू आहे. पण नुसत्या पाखरांवरून वेस सोडून देऊ का? एकदा कुणीतरी ऐकून सांगू दे."

"मी उतरतो."

"तुम्ही उतरून काय करणार? शलाश ऐकेल."

आणि इथं दहामला खरोखर हायसं वाटलं. शलाशचा कान खोटं बोलणार नाही. पहिल्याच आठवड्यात त्यानं ओळखलं होतं. तो एकदा ठोकेल, आठी घालेल, आणि निमूट वर येईल. उलट दहामला थोडा अभिमानही वाटला. नाहीतरी पुढच्या वर्षी द्यायचीच होती, म्हणून त्यानं आपली कुदळ, बापाच्या हातची, शलाशच्या हातात दिली.

"आज तू ऐक," तो म्हणाला. "एकटा उतर."

शलाशचा चेहरा उजळला. माणसांनी एकमेकांना कोपरं मारली. "घ्या, नवे उस्ताद!" असं काहीसं हुवैश म्हणाला असावा, कारण सगळे हसले. शलाश शिडीवरून उतरला, दांडा उलटा धरला आणि पूर्वेपासून सुरुवात केली. दहाम कठड्यावर ओणवा होऊन फक्त त्याचा चेहरा बघत होता. पूर्व, दक्षिण, पश्चिम. मग शलाश उत्तरेला आला. ठोकलं. मान तिरकी केली. पुन्हा ठोकलं.

कपाळ गुळगुळीत होतं.

त्या कानाला भरीव कशाला म्हणायचं ते कुणी शिकवलं होतं? रोज सकाळी, "ध्यानात ठेव" म्हणून? पोरानं ते ध्यानात ठेवलं होतं. स्वतःचा कान खोटा ठरवून त्यानं काकाचा शब्द खरा मानला होता, आणि आता तो ऐकत होता ते दहामच्या खोटेपणाला.

"शलाश!" तो ओरडला. "शलाश, वर ये! मी चुकीचं शिकवलंय! सोड आणि वर ये!"

शलाशनं वर पाहिलं. काकाचा आवाज बहुधा चिरका, भलत्याच पट्टीत फुटला असणार, कारण तो हसला, लाडक्या म्हाताऱ्याला हसावं तसा. काका घाबरलाय, त्याला धीर द्यायला हवा, असं त्याला वाटलं असावं. त्यानं उत्तरेच्या कडेवर तळहात थोपटला. दहामनं ओठ वाचले.

"भरीव," शलाश म्हणाला.

कड वरून नाही, पोटातून फुटली. दहामला काहीच ऐकू आलं नाही. समोर एक माणूस होता आणि मग तिथं माती होती, आणि धूळ वर येऊन त्याच्या तोंडात गेली. कठड्याची जमीन गुडघ्यांखाली हादरली. वळून पाहिलं तर डॉक्टरांचं तोंड उघडं होतं आणि माणसं शिडीकडे धावत होती.

क्षणात दहामसकट सगळे खाली होते. कुणी फावड्यानं, कुणी नुसत्या हातांनी उपसत होतं. ढीग दोन पुरुष उंच, सबंध खड्डाभर पसरलेला. शलाश कडेशी उभा होता खरा, पण मातीनं त्याला कुठे ढकलत नेलं होतं, देव जाणे. वेडेवाकडे घाव घालण्यात वेळ चालला होता. मग हुवैशनं दोन्ही हात वर केले. माणसं थांबली. जो तो जागच्या जागी, श्वास रोखून.

आणि सोळाच्या सोळा चेहरे दहामकडे वळले.

हुवैश त्याच्याजवळ आला. त्याच्या गालांवर मातीतून ओघळ आले होते. "उस्ताद," तो म्हणाला, आणि दहामला शब्द न् शब्द दिसला, "कान लावा. तो ठोकत असेल. कुठून ठोकतोय ते फक्त सांगा."

वर कठड्याशी डॉक्टरांनी तोंडावर हात घेतला होता.

"मला ऐकू येत नाही," दहाम म्हणाला. "थंडीपासून नाही. रोज खोटं म्हणत होतो मी." त्यानं पायाखालची माती दाखवली. "मारा मला नंतर. आता तुम्ही ऐका. कान लावा मातीला. अरे, कुणीतरी ऐका रे!"

माणसं पालथी पडली. सोळा जणांनी मातीला कान लावले. त्यांच्यातल्या एकानंही आयुष्यात कधी माती ऐकली नव्हती. त्यासाठी उस्ताद होता. दहाम त्यांच्या मधोमध गुडघ्यांवर बसला आणि त्यानं दोन्ही तळहात मातीवर टेकले. हाताखाली काहीतरी ठोकत होतं. ते त्याचं स्वतःचं रक्त असेल, असं त्याला वाटलं.

थोड्या वेळानं हुवैशनं हात वर करून एक जागा दाखवली. मग पलीकडून दुसऱ्यानं हात वर केला. मग तिसऱ्यानं. एकेक करत सगळे हात वर आले, आणि प्रत्येक हात वेगळीच जागा दाखवत होता.

दहामनं शेजारची कुदळ उचलली. ती कुठे मारावी, हे त्याला कळेना.