बाईसाहेबांनी काय केलं?

"आजोबा, तुम्हाला ऑपरेशन लागलं आणि घरचे म्हणाले, जाऊ दे, म्हातारेच तर झालेत, तर तुम्हाला चालेल?"

प्रश्न भोंग्याचा नव्हता, तिच्या मैत्रिणींचा, चष्मिष आणि लंबूचा होता. तळमजल्यावरच्या निवृत्त हेडमास्तरांना हे तोंडावर विचारून दाखव, मग तुला मानलं, अशी पैज लावून त्या दोघी आता जिन्याच्या कठड्यामागे तोंडावर हात दाबून बसल्या होत्या. मागच्या वर्षापर्यंत भोंग्याला दुकानदाराकडे सुट्टे परत मागायचीही लाज वाटायची. मग शाळेच्या कार्यक्रमात निवेदन करणारी मुलगी ऐनवेळी आजारी पडली, बाईंनी हिच्या हातात माइक कोंबला, आणि जो आवाज फुटला तो काही केल्या बंद व्हायचं नाव घेईना. घरात भोंगा हे नाव पडलं ते तेव्हापासून. तिला ते नाव जाम आवडायचं.

हेडमास्तरांनी चष्मा कपाळावर सरकवला. "माझ्या ऑपरेशनची तुला काय पडलीय?"

"तुमच्या नाही, आमच्या बाईसाहेबांच्या."

बाईसाहेब म्हणजे घरची कुत्री. भोंगा पाटी गिरवत होती तेव्हापासूनची. आता तोंडावरचे केस पांढरे झालेले, एक डोळा धुरकट. गेल्या आठवड्यात ती आपलं पाण्याचं भांडं रिकामं करून बादलीत तोंड घालायला लागली, मग खाणं सोडलं, मग उठणं. प्राण्यांच्या डॉक्टरांनी आज सकाळी तपासलं, सलाईन लावलं आणि सांगून टाकलं, "गर्भाशयात पू भरलाय. उद्या सकाळी काढायलाच हवं, नाहीतर विष अंगभर पसरेल. पण भूल देणारे डॉक्टर बाहेरून बोलवावे लागतात, त्यांचे पैसे आजच भरा." बाबा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर, आई घरी पडदे शिवायची. दोघांनी होतं नव्हतं ते काढलं तरी पुरेना. म्हणून पैसे जमवायला बरणी घेऊन भोंगा निघाली होती, आणि पहिलंच दार हेडमास्तरांचं होतं.

"हं," ते म्हणाले. "पण त्या कुत्रीनं असं काय केलंय, की लोकांनी खिशात हात घालावा?"

भोंग्याचं तोंड कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच बंद पडलं. कारण बाईसाहेबांनी आयुष्यात काहीही केलेलं नव्हतं. पडद्यांच्या कात्रणांवर लोळायचं आणि बेल वाजली की शिलाई मशीनखाली दडायचं, एवढंच. चोर आला असता तर त्याला बसायला जागा करून दिली असती. कठड्यामागून खुसखुस ऐकू आली.

"तिनं माझ्या भावाला वाचवलं," भोंगा म्हणाली. "गाडीखाली जात होता. हिनं शर्टाला धरून मागे ओढलं."

हेडमास्तर आत गेले आणि नोट घेऊन आले.

"कसलं भारी फेकलंस गं!" बाहेर आल्यावर लंबूनं तिच्या पाठीत धपका घातला. चष्मिष मात्र म्हणाली, "चालेल ना पण असं?"

"कुणाचं काय जातंय? जीव वाचतोय एक."

दुसऱ्या दारात गाडीचा ट्रक झाला. तिसऱ्या दारात धाकट्याच्या हनुवटीवर खूण आली. ती खूण खरी होती, फक्त स्टुलाच्या कोपऱ्यावर आपटून पडलेली. औषधांच्या दुकानात ब्रेकचा आवाज आला आणि भोंग्यानं तो तोंडानं काढूनही दाखवला. लोक ऐकत होते. लोक बरणीत टाकत होते. गोष्ट प्रत्येक दारात आणखी रंगत होती, आणि दुपारनंतर भोंग्याच्या लक्षात आलं की आपल्याला मजा येतेय. घरी बाईसाहेब धापा टाकत पडली होती, आणि आपल्याला मजा येतेय. तिनं तो विचार झटकला आणि लाँड्रीच्या पायऱ्या चढली.

लाँड्रीवाल्या काकू इस्त्री करत होत्या. आईचे पडदे त्यांच्याकडेच यायचे. त्यांनी गोष्ट संपेपर्यंत मान वर केली नाही. संपल्यावर इस्त्री उभी करून ठेवली आणि विचारलं, "भुंकली का गं आधी ती?"

"हो! जोरात! म्हणून तर ड्रायव्हरला कळलं."

काकूंनी गल्ला उघडला आणि होतं ते सगळं बरणीत घातलं. झाकण लागेना. मैत्रिणी आनंदानं किंचाळल्या. भोंगाही किंचाळली, पण जरा उशिरा.

संध्याकाळी ती आईला बरणी दाखवत होती तेवढ्यात बेल वाजली. दारात काकू, हातात धुतलेली जाड चादर. "तिच्या अंगाखाली घाला, ऑपरेशननंतर गार लागतं," असं म्हणत त्या सरळ आत आल्या आणि बाईसाहेबांजवळ फरशीवर बसल्या. कुत्रीनं धुरकट डोळा उघडला. मशीनखाली जाण्याचं त्राण तिच्यात नव्हतं. काकूंनी तिच्या कपाळावर तळवा ठेवला.

"इतकी वर्षं पडदे घेऊन येतेस," त्या आईला म्हणाल्या, "आणि हे कधी बोलली नाहीस?"

"काय ते?"

काकूंनी कोपऱ्यात खेळणाऱ्या धाकट्याला जवळ ओढलं, त्याची हनुवटी वर केली आणि खुणेवरून अंगठा फिरवला. "हेच ना? त्या ट्रकच्या वेळचं?"

आईनं भोंग्याकडे पाहिलं, मग बरणीकडे, मग बाईसाहेबांकडे. भाजीवाल्यानं चुकून जास्त सुट्टे दिले तर अर्ध्या वाटेवरून परत जाणारी आई.

"हो," आई म्हणाली. "तेच."

"मला स्टु..." धाकट्यानं तोंड उघडलं, तसं आईनं त्याला उठवलं आणि पाणी प्यायला आत पिटाळलं.

"आमचा याच्याएवढाच होता," काकू म्हणाल्या. "इकडे राहायला यायच्या आधीची गोष्ट. मी दारातच उभी होते. रस्त्यावर एक कुत्रं म्हणून नव्हतं तेव्हा." मग त्या बाईसाहेबांच्या कानाशी वाकल्या. "तू असतीस तर," एवढंच म्हणाल्या, आणि उठून गेल्या.

आई मशीनवर बसली. एक शिवण घातली, वाकडी गेली, उसवायला घेतली. भोंग्याला वाटलं, ओरडावं हिनं. चार शिव्या घालाव्यात. आई ओरडली नाही.

बाबा आले ते बरणी बघून खूशच झाले. "अगं, हे तर पुरून उरेल! आमची भोंगूबाई म्हणजे ना! लावतो डॉक्टरांना फोन." मग त्यांना आईच्या हातातली उसवलेली शिवण दिसली. "काय झालंय?"

भोंग्यानं सगळं सांगितलं. गोष्ट सांगताना एवढा लहान आवाज तिनं स्वतःचा वर्षभरात ऐकला नव्हता.

बाबा खुर्चीत टेकले. "आता बोलून काय उपयोग? उद्या ऑपरेशन होऊ दे. आठवड्यानं जा, माफी माग, पैसे आपण हळूहळू फेडू."

"मीही हेच म्हणणार होते," आई म्हणाली. दोरा तिच्या बोटांत गुंतला होता. "माझ्या तोंडून जे निघालं ते तुला वाचवायला नव्हतं, लक्षात ठेव. या मुक्या जिवासाठी होतं."

बाईसाहेबांची धाप ऐकू येत होती. आत येणारा श्वास छोटा, बाहेर जाणारा लांब, मध्ये घुटमळ. भोंगा तिच्याजवळ बसली. दिवसभरात पहिल्यांदाच. कान गरम लागत होते. नवीन चादरीला इस्त्रीचा वास येत होता.

आठवड्यानं जाऊन काय सांगणार? तोवर पैसे वापरून झालेले असणार, आणि काकूंना 'असू दे गं' म्हणण्यावाचून गत्यंतर नसणार. आज गेलं तर त्या नाही म्हणू शकतील. म्हणतीलसुद्धा. गल्ला रिकामा करणारी बाई चिडली तर केवढी चिडेल! मग सकाळी भूल देणारे डॉक्टर येणार नाहीत, आणि ही घुटमळ कधीतरी तशीच थांबेल. भोंग्याला हुंदका आला. तो तिनं कुत्रीच्या मानेत तोंड खुपसून जिरवला, आणि उठली. बरणी उचलली. ती तिला वाटली होती त्याहून जड होती.

"कुठे निघालीस?" बाबा म्हणाले.

"काकूंकडे. खरं सांगायला. पैसे परत मागितले तर देऊन येणार. मग औषधवाल्यांकडे, मग बाकीच्यांकडे, शेवटी हेडमास्तरांकडे."

"आणि सगळ्यांनीच मागितले तर?" आईचा आवाज चिरकला. "तिचं काय गं?"

भोंग्यानं बाईसाहेबांकडे पाहायचं टाळलं. चपला घातल्या.

"माहीत नाही, आई. पण मी जातेय. बाबा, मी येईपर्यंत डॉक्टरांना फोन करू नका."