छताची नौका आणि गप्प राहणारी सिसेल

मित्रांनो, मी एक जुनी नौका आहे. पण माझ्या तळाला समुद्राचं पाणी कधी लागलेलं नाही. डेन्मार्कच्या एका लहानशा बेटावरच्या चर्चमध्ये, बाकांच्या वर अगदी मधोमध, मला छताला टांगलेलं आहे. मला खेळणं म्हणायचं काम नाही. खेळणी पोरं मोडतात आणि फेकून देतात. माझ्याखाली बसून बेटावरची माणसं लग्नं लावून गेली, रडून गेली, डुलक्या काढून गेली. माझ्या पाठीवर सोनेरी अक्षरांत माझं नाव लिहिलं आहे म्हणतात. ते मला वाचता येत नाही. एक तर ते मागच्या बाजूला आहे, आणि शाळेचं तोंड मी कधी पाहिलेलं नाही. त्यावाचून माझं काही अडलं नाही. माणसं मी वरून वाचते, टकलांवरून आणि टोप्यांवरून.

मला रास्मुस नावाच्या जहाजावरच्या सुताराने घडवलं. त्याचं जहाज खडकावर फुटलं होतं आणि तो एकटाच जिवंत किनाऱ्याला लागला होता. ‘जगलो तर तुझ्या घरात एक जहाज आणून ठेवीन,’ असं तो लाटांमध्ये देवाला बोलला होता. बोलला तसं केलंन. नासपतीच्या लाकडातून त्याने माझं अंग कोरलं. मेण लावलेल्या सुताचे दोर वळले. बायकोच्या जुन्या चादरीची शिडं शिवली. इवल्याशा तोफासुद्धा बसवल्या. बाई गं, केवढी देखणी होते मी! मला हातांवर घेऊन लोक वाजतगाजत बंदरावरून निघाले. मला वाटलं, आता पाण्यात सोडतील. सोडतात कसले! चर्चमध्ये नेऊन दोर बांधला आणि वर ओढलं. समुद्र दोन शेतं ओलांडली की आहे. मला तो ऐकू येतो. तेवढंच.

पहिली काही वर्षं लोक मान वर करून माझं कौतुक करत. मग सवय झाली. शेगडीच्या काजळीने शिडं काळवंडली, कोळ्यांनी डोलकाठ्यांवर संसार थाटले. कुणी वर बघेना. अशा दिवसांत सिसेल आली, आणि बरोबर माझ्याखालच्या बाकावर बसू लागली.

ती आयनर कोळ्याची बायको. त्यांची मुलगी सिग्ने पाळण्यात असताना आयनर हेरिंग मासे धरायला गेला आणि परतला नाही. बोटही नाही, माणूसही नाही. बाहेर अंगणात बेटावरच्या सगळ्यांच्या कबरी आहेत, बायका झारी घेऊन तिथल्या फुलांना पाणी घालतात. सिसेलला पाणी घालायला जागाच नव्हती. म्हणून ती आत येई आणि वर बघे. बोट म्हणून दिसणारी मीच काय ती होते.

पण एक सांगते, या बाईचा देवावर विश्वास नव्हता. आयनर गेला म्हणून उडाला असंही नाही, आधीपासूनच नव्हता. आमच्याकडे गाणी बसून गातात आणि वाचन उभ्याने ऐकतात. सिसेल गाणी सगळी गायची, तीही खड्या आवाजात. पण ‘आकाश आणि पृथ्वी यांचा निर्माता जो बाप, त्याच्यावर आम्ही विश्वास ठेवतो’ हे म्हणायला सगळे उठले, की तीही उठायची आणि ओठ घट्ट मिटून घ्यायची. एक अक्षर नाही. पुढच्या बाकावर गेर्दा बसायची. मोठी भाविक, जिभेची तिखट, आणि आवाज असा की वाळवलेले मासे खुंटीवरून पडावेत. ती ते सगळं म्हणायची आणि शेवटी मागे वळून बघायची.

“काय गं, तोंडात पाणी धरलंयस का?”

“तू बोलतेस तेवढं पुरे आहे की.”

“विश्वास नाही तर येतेस कशाला? कॉफीला?”

“कॉफीला! तू करतेस ती? त्यापेक्षा समुद्र प्यायलेला बरा.”

पण दोघींना एकमेकींवाचून करमत नसे. एखाद्या रविवारी गेर्दा आजारी असली, तर सिसेलचं गाण्यात लक्ष नसे.

शनिवारी ती वेदीवरची फुलं बदलायला येई. तेव्हा चर्च रिकामं असे, आणि ती माझ्याशी बोलायची. माझ्याशीच बोलत होती, दुसरं होतंच कोण तिथं? एकदा हातात फुलं घेऊन ती बाकावर टेकली आणि म्हणाली, “गेर्दाचा चेहरा बघितलास कधी, प्रार्थना करताना? जसं कुणी दार उघडून ‘ये’ म्हटलंय. मला कुणी म्हणालं नाही गं कधी. मी येते, बसते, सगळ्यांबरोबर गाते. गाताना वाटतं, आता उघडेल. मग गाणं संपतं.” तिने फुलं मांडीवर ठेवली. मग म्हणाली, “तुला समुद्र नाही आणि मला देव नाही. दोघी नुसत्या टांगलेल्या.”

मला राग आला. टांगलेली म्हणे! मी मानाने आहे इथे. पण त्या रात्रभर मला समुद्र जरा जास्तच ऐकू आला, हे काही खोटं नाही.

एका उन्हाळ्यात चर्चला आतून चुना लावला, तेव्हा मला खाली काढलं होतं. राखणदार विगोने मला पुन्हा चढवलं ते उलटं. आमच्याकडे चर्चच्या नौकेचं नाक नेहमी वेदीकडे असतं. विगोने ते केलं दाराकडे. रविवारी लोक आले, बसले, कुणाच्या काही लक्षात आलं नाही. पाद्रीबाई नव्या होत्या, त्यांनाही कळलं नाही. आणि मी? दार उघडं होतं. समोर उतार, उताराखाली समुद्र, निळा, हलणारा. वर टांगल्यापासून पहिल्यांदाच मी त्याला समोर बघितलं.

प्रार्थना संपते न संपते तोच सिसेल उभी राहिली. “नौका बंदर सोडून चाललीय. फिरवा तिला.”

गेर्दा वळली. “तुला काय करायचंय गं? तुझा कशावर विश्वास नाही, मग तिचं नाक कुठे का असेना!”

“विश्वास नाही म्हणून डोळेही नाहीत का? आमचं माणूस बाहेर गेलं ते आलं नाही. हिला तरी आत येऊ दे.”

गेर्दा पुढे वळून बसली. विगोने शिडी आणली. त्या सिसेल मेलीने फिरवायला लावलंन मला. वेदीकडे तोंड करून मी कितीतरी दिवस धुसफुसत होते. पण तिचं म्हणणंही माझ्या कानांतून जाईना.

मित्रांनो, आता खरी गोष्ट सांगते. सिग्ने शहरात शिकून तिथेच राहिली. तिला उशिरा मुलगा झाला, येप्पे. बाप्तिस्मा बेटावरच करायचा असं तिने ठरवलं, कारण त्या घरातल्या सगळ्यांच्या डोक्यावर याच दगडी कुंडावरच्या पितळी तबकातलं पाणी पडलं होतं. शनिवारी मायलेकी फुलं लावत होत्या, तेव्हा सिग्ने म्हणाली, “आई, उद्या येप्पेला तू धरायचंस.”

सिसेलच्या हातातली फुलं तशीच राहिली. किती आनंद झाला होता तिला! मी वरून तिची मान बघितली, पोरीसारखी ताठ झाली होती. आणि मग ती मान खाली गेली.

कारण आमच्याकडे जी बाळाला धरते तिने बाळाच्या वतीने उत्तरं द्यायची असतात. पाद्री बाळाला विचारतात, तुझा विश्वास आहे का? आणि धरणारीने म्हणायचं असतं, होय.

“मला नाही जमणार,” सिसेल म्हणाली.

“आई, एक शब्द आहे तो. सगळे म्हणतात. त्यातल्या निम्म्यांचा तरी असतो का विश्वास?”

“म्हणून तर. सगळ्यांनी म्हणून म्हणून त्याचा चोथा केलाय.”

“बाळासाठी नाही म्हणणार?”

“ज्याला बोलता येत नाही त्याच्या तोंडून खोटं बोलू? स्वतःच्या तोंडून बोलले असते एक वेळ.”

तेवढ्यात पाद्रीबाई आस्ता आत आल्या. वयाने सिग्नेएवढ्याच. सगळं ऐकून म्हणाल्या, “सिसेलकाकू, तुमच्यावर मी जबरदस्ती नाही करणार. पण प्रश्न मला विचारावे लागतील, आणि उत्तर कुणीतरी द्यावं लागेल. तसाच आहे तो विधी.”

“मग सासूबाई धरतील,” सिग्ने म्हणाली. ती आईचीच मुलगी, रडायची नाही. ती निघून गेली.

सिसेल एकटी राहिली. तिने कुंडाजवळ जाऊन रिकामं तबक पदरासारख्या आपल्या शालीने पुसलं. पुसलेलंच होतं ते. मग तिने दोन्ही हात पुढे केले, कोपरात वाकवले, आणि तशीच उभी राहिली, काहीच धरलेलं नसताना. मी इतकी वर्षं तिथे टांगलेली आहे, पण काही इतकं मनापासून हवं असलेलं माणूस मी पाहिलेलं नाही.

रविवारी चर्च भरलं. येप्पेला पायांच्याही खाली लोळणारा पांढरा झगा घातला होता. कुंडाकडे जायची वेळ आली, तेव्हा सिग्ने उठली, सासूबाईंच्या बाकावरून पुढे गेली आणि बाळ सरळ सिसेलच्या हातांत ठेवलंन. “तूच धर,” एवढंच म्हणाली. “पुढचं पुढे.”

सिसेलने धरलं. सोडणार होती थोडीच!

आस्ताबाईंनी विचारलं, “या बाळाचं नाव काय?”

“येप्पे आयनर,” सिसेल म्हणाली. तो आवाज माझ्या सगळ्यात उंच डोलकाठीपर्यंत आला. आयनरचं नाव त्या चर्चमध्ये इतक्या मोठ्याने कुणी कधी घेतलं नव्हतं.

“येप्पे आयनर, तू सैतानाचा आणि त्याच्या कामांचा त्याग करतोस का?”

सिसेलचे ओठ मिटले. बाकांवर खोकला थांबला. आस्ताबाई वाट बघत राहिल्या; त्यांना घाई नव्हती की सुचत नव्हतं, कोण जाणे. सिग्नेने डोळे मिटले. येप्पे मात्र आजीची कॉलर चोखत होता. मी खाली बघत होते आणि मला वाटत होतं, म्हण गं बाई, एकदा म्हणून टाक. आणि लगेच वाटत होतं, नको म्हणूस. आज खोटं बोललीस तर इतकी वर्षं माझ्याखाली बसलेली ती कोण होती?

तेव्हा पुढच्या बाकावरून काठी वाजली. गेर्दा उठली होती. टकटक करत कुंडापाशी आली, सिसेलला खेटून उभी राहिली, आणि झग्यात हात घालून बाळाचं पाऊल धरलंन.

“होय,” ती म्हणाली. वाळवलेले मासे खुंटीवरून पडावेत असंच.

आस्ताबाईंनी एकदा सिसेलकडे आणि एकदा गेर्दाकडे पाहिलं, आणि पुढे विचारत गेल्या. बापावर विश्वास आहे का? होय. पुत्रावर? होय. पवित्र आत्म्यावर? होय, होय. गेर्दा बोलत होती, सिसेल धरून होती.

राहिला शेवटचा प्रश्न. “येप्पे आयनर, या विश्वासात तुला बाप्तिस्मा हवा आहे का?”

गेर्दा गप्प. सगळे तिच्याकडे बघू लागले. तिने कोपराने सिसेलला ढोसलं. “हे तू सांग. विश्वासाचं मी बघितलं. हवंय की नको, ते तुला ठाऊक.”

सिसेलने तबकातल्या पाण्याकडे पाहिलं, बाळाकडे पाहिलं. शब्द स्वच्छ आला.

“हवा आहे.”

मग पाणी पडलं आणि येप्पेने असं भोकाड पसरलं की विगो बाहेरून धावत आला.

गेर्दा आपल्या बाकावर परत गेली नाही. गुडघे दुखत होते म्हणे. सिसेलच्याच बाकावर बसली. सिसेल पुटपुटली, “तुला कुणी सांगितलं होतं मध्ये पडायला?”

“तुझ्या भरवशावर राहिलो असतो तर पोराला दाढी आली असती कुंडापाशीच.”

“माझ्या वतीने तू कशाला बोललीस?”

“आज कुठे? इतकी वर्षं दर रविवारी बोलतेय. तुला काय वाटलं, देव बहिरा आहे म्हणून मी ओरडते? दोघींचं म्हणायचं तर आवाज दुप्पट नको का लागायला?”

सिसेलने बाकावर थोडं सरकून गेर्दाची काठी आपल्या बाजूला टेकवून ठेवली.

सिग्ने बाळाला घेऊन शहरात गेली. सिसेलला देव सापडला, असं काही समजू नका. अजूनही सगळे ‘विश्वास ठेवतो’ म्हणतात तेव्हा ती ओठ मिटून उभी राहते, आणि तिच्या शेजारी उभी राहून गेर्दा दोघींचं म्हणते. मी वरून बघते. अजून मलाही समुद्र मिळालेला नाही. तो दोन शेतांपलीकडे आहे आणि रोज ऐकू येतो.

तर मित्रांनो, म्हातारीचं एवढं ऐका. मला पुसायला शिडी लावाल तर डोलकाठीला धरून चढू नका, ती नासपतीची आहे, तुमच्या बापाची नाही. आणि तुमच्या शेजारी एखादं माणूस येऊन गप्प बसलं, तुम्ही म्हणता ते म्हणत नसलं, तर ‘मग आलास कशाला?’ असं विचारू नका. आलंय ना ते? जरा सरकून बसा, आणि तुमचं थोडं मोठ्याने म्हणा.