वेचून काढलेला नमुना

थोरली परवापासून उठत नव्हती. सात महिन्यांची गाभण गाय, गोठ्यात बसली ती बसलीच. दादाचा फोन आला आणि ताईंचं डोकंच फिरलं. ताई प्रयोगशाळेत चारा तपासायच्या, आणि या भावाचा चारा त्यांनी एकदा नाही, तीनदा तपासला होता. प्रथिनं आठ टक्के! वाळक्या मक्याच्या चाऱ्यात एवढी निघाली तेव्हाच शंका यायला हवी होती, पण घरचा चारा चांगला निघाला म्हणून बाई खूश. मग गाय बरगड्या का दाखवते? जंताचं औषध झालं, क्षारांची पूड झाली, गुरांच्या डॉक्टरसाहेबांशी भांडण झालं. सगळं करून मुसळ केरात.

अर्धी रजा टाकून ताई तडक गोठ्यात गेल्या. थोरलीचं पोट टम्म, पाठीचे मणके मात्र मोजून घ्यावेत असे. शेण कोरडं, थरावर थर. गव्हाणीत अंगठ्याएवढी जाड दांडकी. ताईंनी एक मोडलं, चावून बघितलं, थुंकलं. हा आठ टक्क्यांचा चारा? याच्यावर गाईच्या पोटातले जंतूसुद्धा उपाशी मरतील, गाय कुठली जगायला!

"दादा, पेंड किती घालतोस?"

"पेंड? ती कधीच बंद केली."

"बंद? गाभण गाईची?"

"मग? चारा उत्तम म्हणून तूच लिहिलंस ना? वर पेंड कशाला?" दादाने खांबाकडे बोट केलं. प्लॅस्टिकच्या पिशवीत अहवाल टांगला होता, खाली ताईंची झोकदार सही.

तेवढ्यात वहिनी घाईघाईने कापडी पिशवी घेऊन आल्या. "आलाच आहात तर पुढचा नमुना घेऊनच जा. तयार आहे."

पिशवीत नुसता पाला होता. हिरवट, मऊ, धूळ पुसलेला. दांडक्याचा एक तुकडा नाही.

"हा कुठला?"

"आपल्याच गंजीतला. दुपारभर बसून वेचते मी," वहिनी कौतुकाने म्हणाल्या. "वर ह्यांचं नाव असतं. ऑफिसात चार माणसं उघडून बघणार, तिथे काय दांडकी पाठवू? तुमचीच मान खाली जाईल."

"अहो वहिनी!" ताई ओरडल्याच. "आजाऱ्याचं रक्त तपासायचं तर शेजारच्या पैलवानाचं पाठवाल का? दांडकी गाय खातेय आणि परीक्षा पाल्याची!"

वहिनींचा चेहरा पडला. डोळे भरून आले.

"तिच्यावर कशाला आवाज चढवतेस?" दादा भडकला. "तिला कोणी शिकवलं होतं? सहा महिन्यांत तू एकदा तरी इकडे फिरकलीस?"

ताईंची नजर खांबावरच्या पिशवीकडे गेली. अहवालावरची छापील ओळ त्यांना पाठ होती. 'गंजीच्या दहा ठिकाणांहून नमुना मी स्वतः काढला आहे.' त्या ओळीखाली त्यांनी तीनदा सही केली होती. घरचंच तर आहे, कोण विचारतंय, असं म्हणून! दुसऱ्या कुणी केली असती, तर ताईंनी त्याची सालटी काढली असती.

"पेंड आण," त्या कशाबशा म्हणाल्या. "आज थोडीच, गुळाच्या पाण्यात. चाऱ्यावर युरियाचं पाणी मापात मारून गंजी झाकू. मऊ पडेल, प्रथिनं वाढतील."

"किती दिवसांनी?"

"एकवीस."

"आणि हिला तेवढे दिवस आहेत का?"

स्वतःचाच एवढा संताप ताईंना कधी आला नव्हता.

वहिनींनी डोळे पुसले, थोरलीजवळ फतकल मारली आणि पिशवी उघडली. आधीचे तीन नमुने ताईंनी तपासणीत दळून, जाळून संपवले होते. चौथा थोरलीने जिभेने ओढून ओढून खाल्ला, पिशवीचा तळ चाटला आणि आणखी हवं म्हणून मान लांब केली. उठली मात्र नाही.